ॲमेझॉनवर मारिओचे गेम का नव्हते? आणि मुलाला कार्ट्रिज घ्यावं की डाउनलोड?

एडिसनकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी स्वतः गेम खेळत नाही, पण घरात अकरा वर्षांचा मुलगा आहे आणि बहिणीचा मुलगा त्याच्याच वयाचा. दोघांचा जीव निन्टेंडोवर.

२०२४ च्या दिवाळीत भाच्याला द्यायला 'सुपर मारिओ पार्टी जॅम्बोरी' हवा होता. सवयीने ॲमेझॉन उघडलं, तर गेम ॲमेझॉन स्वतः विकतच नव्हतं. दिसत होते ते कुठले कुठले तिसरेच विक्रेते. मग दुसऱ्याच एका वेबसाइटवर (नाव घेत नाही) सत्तेचाळीस डॉलरला मिळाला. दुकानात साठ होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. भाच्याने ते फोडलं आणि म्हणाला, "मामा, हा आपल्याकडचा नाहीये." डब्याच्या पाठीवर चिनी मजकूर होता. पुढे खालच्या कोपऱ्यात इथल्या गेमवर असतो तो वयोगटाचा काळा-पांढरा चौकोन नव्हता. मला घाम फुटला, बहिणीच्या घरी सगळ्यांसमोर बनावट वस्तू दिली की काय म्हणून. पण कार्ट्रिज (यंत्रात सरकवायची गेमची छोटी पट्टी) घातलं आणि गेम इंग्रजीत सुरू झाला. आजही चालतो.

त्यानंतर २०२५ मध्ये ५ जूनला निन्टेंडोचं नवं गेमयंत्र स्विच २ बाजारात आलं आणि ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या साइटवर तो पहिल्या दिवशी नव्हता. वॉलमार्टला आहे, टार्गेटला आहे, बेस्ट बायला आहे, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात नाही! ऑफिसात कोणी म्हणालं त्यांचं भांडण आहे. कसलं भांडण? आणि त्या भांडणात माझ्या भाच्याचं कार्ट्रिज कुठे बसतं? मी काही चुकीचं विकत घेतलं का?

आता मुलाला स्विच २ घ्यायचाय. तो म्हणतो डाउनलोड घेऊ, कार्ट्रिज बदलायची कटकट नको. माझं मन कार्ट्रिजकडे ओढतंय, पण कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. घाई नाही, वाढदिवस नोव्हेंबरात आहे.

---

फ्रीमाँटची मावशी

तुमच्या कार्ट्रिजबद्दल आधी सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. ते बनावट नसावं. आग्नेय आशियातल्या बाजारासाठी छापलेला अस्सल माल असावा. स्विचला सहसा प्रदेशाचं कुलूप नसतं, थोडे अपवाद सोडले तर जगातलं कुठलंही स्विचचं कार्ट्रिज इथल्या स्विचमध्ये चालतं.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत याचा निकाल २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात लागलाय, आणि तो गेमवर नाही, पाठ्यपुस्तकांवर आहे. सुपाप कर्टसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी कॉर्नेलला शिकायला आला होता. इथे जे पुस्तक महाग तेच थायलंडात स्वस्त, हे त्याच्या लक्षात आलं. घरच्यांकडून तिकडची पुस्तकं मागवून त्याने ती ईबेवर विकली. प्रकाशक जॉन वायली कोर्टात गेले. सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्टाने ठरवलं की कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली की पुढे ती कोणी कोणाला विकावी यावर कॉपीराइटचा मालक बोट ठेवू शकत नाही, मग ती प्रत परदेशात का छापलेली असेना.

ट्रेडमार्कचा कायदा वेगळा आहे. परदेशी माल इथल्या मालापेक्षा ठळक वेगळा असेल तर तिथे कंपनीला बोलायला जागा असते. पण ती विक्रेत्याची डोकेदुखी. भाऊबीजेला गेम देणाऱ्या मामाला कोणी धरत नाही.

---

खरेदीखिडकी

एडिसनकर, तुमचा प्रश्न वाचला आणि दुपारचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. २००७ ते २०१३ मी इंग्लंडात यॉर्कशरमध्ये एका लहानशा ऑनलाइन विक्रेत्याकडे खरेदी विभागात होते. पुस्तकं, डीव्हीडी आणि मुख्य म्हणजे गेम. नाव सांगत नाही, आता ते दुकानही नाही. हल्ली नाशिकला असते. पण या विषयावर कोणी बोलायला लागलं की मला अजूनही ते टेबल, तो फोन आणि शुक्रवार आठवतो.

आधी ॲमेझॉनचं सांगते. २०२५ च्या जुलैच्या सुरुवातीला ब्लूमबर्गने बातमी दिली की निन्टेंडोने आपला माल ॲमेझॉनच्या अमेरिकी साइटवरून काढून घेतला होता, कारण तिथले तिसरे विक्रेते निन्टेंडोच्या जाहीर किमतीपेक्षा कमी भावात गेम विकत होते. हा माल आग्नेय आशियात घाऊक उचलून अमेरिकेत आणलेला. म्हणजे तुमच्या भाच्याकडे आहे तसाच. दोन्ही कंपन्यांनी बातमी नाकारली. असं काही नाही, असं निन्टेंडोने सांगितलं. त्यामुळे आत काय घडलं यावर मी शपथ घेणार नाही. पण २०२४ पासून निन्टेंडोचे नवे गेम ॲमेझॉन तिथे स्वतः विकत नव्हतं, स्विच २ पहिल्या दिवशी तिथे नव्हता आणि जुलैत आमंत्रणाने मिळायला लागला, एवढं तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मला या बातमीचं आश्चर्य वाटलं नाही, कारण या धंद्यात भावाचं भांडण भावावर बोलून होत नाही. ते 'अ‍ॅलोकेशन'वर होतं. आम्ही मराठीत त्याला आपसात 'वाटा' म्हणायचो. गेम येणार शुक्रवारी. महिनाभर आधी तुम्ही मागणी नोंदवता, समजा सहाशे. प्रकाशक ठरवतो तुमच्या वाट्याला किती यायचे. सहाशे द्यायलाच हवेत असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं.

आमच्यावर तो प्रसंग आला होता. ऑनलाइन दुकानाची अडचण अशी की माल टपालाने जातो. शुक्रवारी लोकांच्या दारात गेम पडायचा असेल तर आम्हाला तो बुधवारी पोस्टात टाकावा लागे, आणि टपाल चांगलं चाललं तर गुरुवारीच पोचे. गिऱ्हाईक खूश. शेजारच्या गावातला दुकानदार मात्र गेम कपाटात कुलूपबंद ठेवून शुक्रवारची वाट बघतोय, तो तक्रार करणारच, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. एकदा प्रकाशकाच्या माणसाचा फोन आला. आवाज चढला नाही, शिवी नाही. "यावेळी तुमची पाकिटं लवकर पोचली असं कळलं," एवढंच म्हणाला, माझ्या मुलीची चौकशी केली आणि फोन ठेवला. पुढच्या मोठ्या गेमला आम्ही सहाशे मागितले, आले एकशेचाळीस. कारण विचारलं तर उत्तर आलं, उत्पादन कमी आहे. मग ज्या चारशेसाठ जणांनी आमच्याकडे आगाऊ पैसे भरले होते त्यांना मी दोन दिवस बसून एकेक मेल लिहिली. त्यात वाढदिवसाची पोरं होती. एका आजोबांनी फोन करून विचारलं, "मग मी नातवाला काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं कारण मला माहीत होतं, पण सिद्ध करता येत नव्हतं.

म्हणून निन्टेंडोचा इतिहास वाचला तेव्हा मी जागच्या जागी बसून राहिले. १९९१ मध्ये अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन आणि राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी त्यांच्यावर आरोप ठेवला की जे दुकानदार एनईएस हे यंत्र ९९.९५ डॉलरच्या खाली विकू पाहत, त्यांचा पुरवठा कंपनी कमी करते, लांबवते. निन्टेंडोने दोष कबूल न करता तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना पाच-पाच डॉलरची कुपनं वाटली. तुमच्या ऑफिसात पन्नाशीचं कोणी अमेरिकन असेल तर विचारून बघा, कदाचित आठवत असेल.

मग युरोप. ३० ऑक्टोबर २००२ ला युरोपियन कमिशनने निन्टेंडोला १४.९ कोटी युरोचा दंड केला. ब्रिटनमध्ये त्यांचा माल जर्मनी आणि नेदरलँडपेक्षा कितीतरी स्वस्त होता, काही वेळा ६५ टक्क्यांनी. साहजिकच कोणीही ब्रिटनमध्ये घेऊन तिकडे विकेल. ते होऊ नये म्हणून १९९१ ते १९९८ या काळात निन्टेंडोने आणि त्यांच्या वितरकांनी मिळून बंदोबस्त केला होता. ज्याच्याकडून माल सीमेपार जातो असं दिसलं त्याला कमी माल, नाहीतर माल बंद. पुढे कोर्टाने दंडाची रक्कम कमी केली, पण दोष तसाच राहिला. 'कमी माल' हे शब्द सरकारी कागदावर वाचताना मला ते एकशेचाळीस डबे दिसत होते.

आता तुमच्या लक्षात येईल, भाच्याचं कार्ट्रिज कुठे बसतं ते. बरोबर मध्यभागी. तीस वर्षांपूर्वी ब्रिटनहून जर्मनीला जाणारं कार्ट्रिज होतं, आता आग्नेय आशियातून न्यू जर्सीला आलेलं आहे. मावशींनी सांगितलं त्याप्रमाणे कंपनी त्या कार्ट्रिजला कॉपीराइटने अडवू शकत नाही. मग तिच्या हातात काय उरतं? पुरवठा. एखाद्या दुकानाला माल द्यायचा की नाही हे कंपनीने आपलं आपण ठरवलं तर अमेरिकेचा कायदा सहसा आड येत नाही. दुकानांशी मिळून भाव बांधला तर येऊ शकतो. यात गिऱ्हाइकाला कोणी काही सांगत नाही, हे मला सगळ्यात लागतं. तुम्हाला फक्त एवढंच दिसतं की पान रिकामं आहे.

आणि दुकानं बिचारी आहेत असंही नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' आला. छापील किंमत ५४.९९ पौंड. सेन्सबरीज या सुपरमार्केटने तो २६ पौंडांना लावला. आमची घाऊक खरेदीच त्याहून बरीच महाग होती! मी आणि माझा सहकारी सकाळी गाडी काढून सुपरमार्केटला गेलो, माणशी जेवढे देत होते तेवढे घेतले, परत आलो आणि आमच्या गिऱ्हाइकांना पाठवले. लहान दुकानदारांनी देशभर हेच केलं. सुपरमार्केटला त्या गेमवर कमवायचंच नव्हतं. लोक आत यावेत आणि जाताना पाव, दूध, बिअर घेऊन जावेत. अशा भावात गेम विकणारं दुकान प्रकाशकाला दोन दिवस आवडतं, मग भीती वाटते, कारण लोकांच्या डोक्यात गेमची किंमत २६ पौंड अशी बसते. मोठ्या ऑनलाइन दुकानांची भीती हीच आहे, फक्त रोजची.

कार्ट्रिज की डाउनलोड यावर उद्या लिहिते. मुलगी क्लासहून येईल.

---

लॅमिंग्टन रोड

खरेदीखिडकी ताई, वाचून अंगावर काटा आला. मी लॅमिंग्टन रोडला एका गेमच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर होतो. आमच्याकडे उलटं चित्र. स्विचचं भारतात अधिकृत दुकान नव्हतं, वितरण नव्हतं. म्हणजे आमच्या काचेत जे जे स्विचचं कार्ट्रिज लागलं ते सगळं एडिसनकरांच्या भाच्यासारखंच, सिंगापूर, हाँगकाँग, दुबईहून आलेलं. गिऱ्हाईक डबा उलटा करून विचारायचं, "ओरिजिनल आहे ना?" मी म्हणायचो, "ओरिजिनल आहे, पण गॅरंटी माझ्या तोंडाची." यंत्र बिघडलं तर कंपनीकडे पाठवायची सोय नाही, आमच्याच गल्लीतला कारागीर उघडून बघायचा.

त्यामुळे समांतर आयात (कंपनीच्या अधिकृत वाटेशिवाय आणलेला अस्सल माल) वाईट, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. ती नसती तर इथल्या पोरांनी झेल्डासारखा गेम पाहिलाच नसता. दादरहून एक शाळकरी मुलगा यायचा, दर दोन महिन्यांनी. जुनं कार्ट्रिज द्यायचा, वर काही पैसे टाकायचा, दुसरं न्यायचा. एक कार्ट्रिज आणि वरचे थोडे पैसे, एवढ्यात त्याने वर्षभर सहा गेम खेळले. बोलताना कार्ट्रिज दातात धरायची त्याला सवय होती. स्विचचं पहिलं कार्ट्रिज धरलं आणि थू थू करत पाण्याची बाटली मागितली. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यावर मुद्दाम कडू लेप असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

---

बाणेरचा डेव्ह

मी पुण्यात गेम बनवणाऱ्या स्टुडिओत काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

आग्नेय आशियात गेम स्वस्त का असतो? तिथल्या लोकांना साठ-सत्तर डॉलर परवडत नाहीत म्हणून. तो स्वस्त माल पेट्यांनी अमेरिकेत गेला तर कंपनी काय करेल? तिथला भाव वाढवेल. मग फायदा एडिसनच्या मामाचा आणि तोटा जकार्ताच्या पोराचा. भारताला जेव्हा वेगळा, कमी भाव मिळतो तेव्हा तो आपल्याला हवाच असतो ना? तो टिकायचा असेल तर सीमा थोडी तरी राखावी लागते.

दुसरं, दुकानांनीही प्रकाशकांना कमी त्रास दिलेला नाही. ऑगस्ट २०११ ची गोष्ट घ्या. 'डेऊस एक्स: ह्युमन रिव्होल्यूशन'च्या पीसी डब्यात प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने ऑनलाइव्ह या सेवेचं कुपन टाकलं होतं, त्यावर तोच गेम इंटरनेटवरून फुकट खेळता येई. गेमस्टॉप या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं, डबे उघडा आणि कुपन काढून टाका. सीलबंद म्हणून विकला जाणारा डबा! बोंब झाल्यावर तो पीसी गेमच शेल्फवरून उतरवला आणि गिऱ्हाइकांना पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. आणि वापरलेल्या गेमवर ही दुकानं जगत होती. त्या काळात गेमस्टॉपचा जवळजवळ अर्धा ढोबळ नफा जुन्या गेमच्या विक्रीतून यायचा, त्यातला एक पैसा गेम बनवणाऱ्यांकडे जात नव्हता. ज्यांनी तीन-तीन वर्षं रात्री जागवल्या त्यांना हे बोचणारच.

---

खरेदीखिडकी

बाणेरचे डेव्ह, जकार्ताच्या पोराचा मुद्दा मला पटतो. खरंच पटतो. त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही, एवढंच म्हणेन की दोन भाव ठेवायचे असतील तर ते उघडपणे ठेवावेत, दुकानाचा घसा आवळून नव्हे. गेमस्टॉपने डबे फोडले ते लाजिरवाणंच होतं.

पण वापरलेल्या गेमचं तुम्ही म्हणता ते मला मान्य नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या मुलाकडे बघा. त्याचं पहिलं कार्ट्रिज कुठून आलं? कोणीतरी नवंच विकत घेतलं होतं. आमच्याकडे लोक नवा गेम ४० पौंडांना घ्यायचे तेच मुळी तो संपल्यावर २० ला विकता येईल म्हणून. ते वीस पौंड पुन्हा नव्या गेममध्येच जायचे, मी रोज खाती बघत होते. जपानमध्ये गेम कंपन्या या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि एप्रिल २००२ मध्ये हरल्या. जुना गेम विकणं तिथे कायदेशीर ठरलं.

कोर्टात जमेना तेव्हा वाट बदलली. २०१० मध्ये ईए या गेम कंपनीने 'ऑनलाइन पास' काढला. डब्यात एक कोड, तो पहिल्या मालकाचा. जुना गेम घेतलात तर ऑनलाइन खेळायला आणखी दहा डॉलर. लोक इतके चिडले की २०१३ मध्ये तो गुंडाळावा लागला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या नव्या गेमयंत्रावर डिस्क उसनी देण्या-विकण्यावर बंधनं जाहीर केली आणि जूनमध्येच मागे घेतली. लोक जिंकले होते तेव्हा. मी ऑफिसात पेढे वाटले, खरोखर, लीड्सच्या भारतीय दुकानातून आणून.

२०१२ मी विसरू शकत नाही. ब्रिटनची सगळ्यात मोठी गेमची साखळी गेम ग्रुप आर्थिक अडचणीत आली, तिला उधारीवर दिलेल्या मालाचा विमा उतरवायला कोणी तयार होईना आणि प्रकाशकांनी हात आखडले. 'मास इफेक्ट ३' ९ मार्चला आला तो त्यांच्या दुकानात नव्हताच. त्याच महिन्यात कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली, २७७ दुकानं बंद झाली, दोन हजारांवर माणसं घरी बसली. उधारी बुडेल म्हणून माल न देणं मी समजू शकते, आम्हीही तेच केलं असतं. पण बंद झालेल्या त्या दुकानांपैकी एक आमच्या बस थांब्यासमोर होतं. रिकाम्या काचेवर गेमच्या जाहिरातीचे चिकटपट्टीचे तुकडे वर्षभर तसेच होते. तिथली माणसं आमच्याकडे अर्ज घेऊन आली. आम्ही एकालाही घेऊ शकलो नाही. ऑनलाइन दुकानाला तेव्हा वाटलं होतं, आता ती सगळी गिऱ्हाइकं आपली. ती गेली डाउनलोडकडे.

आणि डाउनलोडमध्ये दुकानाला वाटाच नाही. सोनीचं बघा. पूर्वी दुकानं गेमचे डाउनलोड कोडही विकायची, म्हणजे निदान दोन दुकानांत भाव ताडून बघता यायचा. १ एप्रिल २०१९ पासून सोनीने पूर्ण गेमचे कोड दुकानांना देणं बंद केलं. आता प्लेस्टेशनचा डाउनलोड गेम प्लेस्टेशनच्याच दुकानात, त्यांच्याच भावात. अमेरिकेत त्यावर ग्राहकांनी दावा लावला.

तर एडिसनकर, तुमचा मुलगा आणि कार्ट्रिज. मी कार्ट्रिज घ्या म्हणेन, आणि तुमच्या मनाला जे सांगता येत नाहीये ते असं आहे. ते कार्ट्रिज तुमचा मुलगा बहिणीच्या घरी नेऊन आत्येभावाला महिनाभर देऊ शकतो, कंटाळला तर विकू शकतो, आणि तुम्ही भाव विचारत चार दुकानं फिरू शकता. डाउनलोडमध्ये दुकान एकच. २०२५ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत 'मारिओ कार्ट वर्ल्ड' दोन्ही प्रकारांत ७९.९९ डॉलर होता, म्हणजे तिथे तर डाउनलोड स्वस्तही पडत नव्हता. इंग्लंडात तेव्हा डबा ७४.९९ पौंड आणि डाउनलोड ६६.९९. आठ पौंडांचा फरक ठेवला होता, लोकांनी दुकानाची पायरी उतरावी म्हणून. माझं तरी असंच मत आहे.

मात्र घेताना डबा हातात धरून नीट बघा. स्विच २ मध्ये 'गेम-की कार्ड' म्हणून एक प्रकार आलाय. बाहेरून लाल कार्ट्रिज तसंच, पण आत गेम नसतो, फक्त किल्ली. कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून उतरतो आणि पुढे दर वेळी खेळताना कार्ड आत लागतं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली पट्टी आणि किल्लीचं चित्र असतं, ते शोधा. निन्टेंडोचे स्वतःचे 'मारिओ कार्ट वर्ल्ड', 'डाँकी काँग बनान्झा' पूर्ण कार्ट्रिजवर आहेत, 'सायबरपंक २०७७' सुद्धा. 'स्ट्रीट फायटर ६' किल्लीवाला आहे. किल्लीवालं कार्ड उसनं देता येतं, विकता येतं, तेवढं मी मान्य करते. पण ज्या दिवशी सर्व्हर बंद होईल त्या दिवसानंतर नव्या यंत्रावर ते उतरवून घेता येणार नाही. थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद केलं, हे आपण पाहिलंय. जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर सांगून टाकलं की असली किल्ली-कार्डं आम्ही जतनासाठी घेणार नाही, त्यात जतन करण्यासारखं काही नसतं.

---

बाणेरचा डेव्ह

किल्ली-कार्डाबद्दल एक खुलासा. मोठ्या क्षमतेचं कार्ट्रिज प्रकाशकाला महाग पडतं. लहान स्टुडिओला कधी कधी किल्ली-कार्ड नाहीतर फक्त डाउनलोड, एवढेच दोन पर्याय उरतात. तेवढं सोडून बाकी ताईंशी सहमत. माझ्या स्वतःच्या कपाटात चाळीस डिस्क आहेत, एकही विकलेली नाही. आणि जुन्या गेमवर मी फटकन बोललो. माझा पहिला गेम मी लॅमिंग्टन रोडवरूनच घेतला होता, वापरलेला.

---

लॅमिंग्टन रोड

कुठल्या साली, डेव्ह? काउंटरवर मी असेन तर मीच दिला असेन.

---

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं शनिवारी मुलाला मराठीत वाचून दाखवलं, अडेल तिथे इंग्रजीत सांगितलं. त्या आजोबांच्या फोनपाशी तो थांबला आणि म्हणाला, "मग त्यांनी नातवाला काय सांगितलं?" ताई, तुम्हाला माहीत असेल तर लिहा, तो रोज विचारतोय.

दुपारी आम्ही दोघं रूट वनवरच्या दुकानात गेलो. प्रत्येक डब्यावर खाली पट्टी आहे का ते त्याने स्वतः तपासलं आणि दोन ढीग केले. दुकानातली मुलगी बघत होती, तिने काही म्हटलं नाही. यंत्र नोव्हेंबरात घेणार आहोत, पण 'डाँकी काँग'चं कार्ट्रिज त्याने आत्ताच घ्यायला लावलं. सध्या ते देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे. ते आत्येभावाला कधी मिळणार यावर फोनवर बोलणी चालू आहेत.

---

खरेदीखिडकी

त्याला सांगा, आजोबांनी मला पुन्हा फोन केला होता, तीन आठवड्यांनी, आमच्याकडे दुसरा वाटा आल्यावर. म्हणाले, "नातवाला सांगितलं की दुकानातल्या बाईंनी तुझं नाव यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय." मी खरंच तसं लिहिलं होतं. पहिलं पाकीट त्याचंच गेलं.